आभाळाकडे बघत पोहणारी मुलगी

2019 च्या जुलैमधली दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूची जागतिक जलतरण स्पर्धा मी अजून अधूनमधून पुन्हा बघते. महिलांची 200 मीटर बॅकस्ट्रोक, म्हणजे उताणं पोहण्याची शर्यत. अमेरिकेची रेगन स्मिथ तेव्हा फक्त 17 वर्षांची, आणि तिने उपांत्य फेरीतच 2:03.35 वेळ नोंदवून मिसी फ्रँकलिनचा लंडन ऑलिंपिकमधला विश्वविक्रम मोडला. अंतिम फेरीत 2:03.69. दुसरी आलेली केली मॅकिओन अडीच सेकंदांहून जास्त मागे! पोहण्यात अडीच सेकंद म्हणजे केवढं अंतर, हे पाण्यात उतरलेल्यालाच कळतं.

मला मात्र आकड्यांपेक्षा रेगनचं डोकं आठवतं. हात गरागरा फिरतायत, खांदे आळीपाळीने पाण्याबाहेर येतायत, आणि डोकं जागच्या जागी, जराही हलत नाही.

मी आमच्या टँकवर उताणं पोहायला शिकले ती चाळिशीनंतर. भिंत दिसत नाही, याचीच सगळी भीती. भिंतीच्या 5 मीटर आधी वर पताकांची दोरी असते. ती डोळ्यांवरून सरकली की हात मोजायचे. माझे सहा होतात, मग बोटं फरशीला लागतात. पहिले कित्येक दिवस मी चौथ्यालाच मान वळवायचे, आणि नाकात पाणी.

रेगनने दुसऱ्याच दिवशी रिलेच्या पहिल्या टप्प्यात 100 मीटरचाही विश्वविक्रम केला, 57.57. ती शर्यत मी उभ्याने बघितली. वळणापाशी पताका आल्या तशी मीही तिच्याबरोबर हात मोजत होते.