दोन बारीक रेघा

मी स्कीइंग शिकवते. नवी स्की घालून थेट वर्गावर जाऊ नये, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी ऐकलं असतं, असं नाही. आठवडाभर ती जोडी खोलीत भिंतीला टेकून उभी होती आणि मी येताजाता तिच्या एजवर, म्हणजे तळाच्या पोलादी कडेवर, नख घासून धार बघत होते. नखाची पांढरी पूड पडायची. तेवढ्यावरही खूश व्हायचे.

जोडी स्लॅलमची, म्हणजे जवळजवळ रोवलेल्या काठ्यांमधून झटपट वळणं घेत उतरायच्या शर्यतीची. लांबी १५५ सेंटिमीटर, बुटाखालची रुंदी ६६ मिलिमीटर, त्रिज्या १२ मीटर. स्कीच्या कडा सरळ नसतात, टोकाशी आणि शेपटीशी रुंद, मध्ये बारीक. कडेची ती आतली कमान वाढवत नेऊन पूर्ण वर्तुळ केलं, तर त्याची जी त्रिज्या होईल तीच स्कीवर छापलेली असते. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमाप्रमाणे बायकांच्या स्लॅलमला १५५पेक्षा आखूड स्की चालत नाही, म्हणजे माझी लांबी थेट शर्यतीची. मी शर्यतीत उतरत नाही. पण सकाळी वर्गाआधी आणि संध्याकाळी वर्ग सुटल्यावर जे काही स्वतःसाठी मिळतं, ते मला कार्व्हिंगसाठीच हवं असतं. स्की कडेवर टाकायची, ती वाकते, कमान होते आणि घसरण्याचं नाव न घेता बर्फ कापत फिरते. दुकानात उभी असताना माझ्या डोळ्यांसमोर तो अर्धा तासच होता. उरलेला दिवस मी हिशेबात धरलाच नाही.

त्या दिवशीचा तो अर्धा तास, खरं सांगते, अप्रतिम गेला. रात्री यंत्रानं दाबलेला बर्फ पहाटे गोठून कडक झाला होता. पहिल्याच वळणाला स्कीनं असं धरलं, की मीच मागे राहिले. दुसऱ्या फेरीत जुळलं. तिसऱ्या फेरीला खाली थांबून वर बघितलं, तर उतारावर दोन बारीक रेघा, पेन्सिलनं काढाव्यात तशा. शेजारी आमच्यातले ज्येष्ठ प्रशिक्षक उभे होते. ते माझ्या पायांकडे बघून एवढंच म्हणाले, ‘‘आज नवशिक्यांचा वर्ग आहे ना तुझा?’’

मला वाटलं, कौतुक करतायत.

वर्गात सहा जण. पाच मोठी माणसं आणि दहाएक वर्षांचा एक मुलगा. पहिला धडा स्नोप्लाउ: टोकं जवळ, शेपट्या लांब, दोन्ही स्की किंचित आतल्या कडेवर, आणि बर्फ खरवडत चालायच्या वेगानं खाली. हे मी इतक्या वेळा करून दाखवलंय, की पाय आपोआप करतात. त्या दिवशी पाय करत होते, स्की करत नव्हती. जरा कड टेकली की ती बर्फात रुतायची आणि घसरायच्या ऐवजी वळायला निघायची. स्नोप्लाउमध्ये दोन्ही स्की एकमेकींकडे तोंड करून असतात, तेव्हा दोघी वळायला निघाल्या की टोकं एकमेकींवर चढतात. मी मांड्यांच्या जोरावर त्यांना लांब धरून ठेवत होते. दहा मिनिटांत मांड्या भरून आल्या. नवशिक्यांच्या उतारावर, जिथे मी एरवी दमत नाही.

मग मुलाची पाळी. लहान मुलांच्या पुढे आम्ही उलट्या दिशेनं घसरतो, तोंड मुलाकडे, पाठ उताराकडे. त्यांना धीर येतो आणि आपल्याला त्यांचे पाय दिसतात. स्लॅलम स्कीची शेपटी ताठ आणि सपाट असते, वळणाच्या शेवटी जोर द्यायला केलेली. उलटं जाताना तीच शेपटी पुढे येते. तिनं बर्फ पकडला आणि मी सगळ्यांसमोर धपकन बसले.

‘‘ताई, मी पण असंच करायचं?’’ पोरगं गंभीरपणे विचारत होतं. लोक हसले, मीही हसले. तोपर्यंत तो दिवस फजितीचाच होता.

खरी गोष्ट त्यानंतर घडली. वर्गात पन्नाशीच्या एक बाई होत्या, शांत, सांगितलेलं नीट ऐकणाऱ्या. त्यांची स्की सारखी कडेवर जास्त जात होती, त्यामुळे पाय फाकत जायचे आणि त्या पडायच्या. मी तीनदा सांगितलं, ‘‘कड सोडा, स्की सपाट ठेवा, बर्फावरून पुसल्यासारखी सरकू द्या.’’ त्या मान डोलवायच्या आणि पुन्हा तेच. चौथ्यांदा मी आवाज जरा चढवला. त्या उठल्या, हातमोजे झटकले आणि म्हणाल्या, ‘‘मॅडम, तुम्ही जसं करताय ना, तस्संच करतेय मी.’’

मी मागे वळून बर्फाकडे पाहिलं. स्नोप्लाउचा माग रुंद असतो, खराट्यानं झाडल्यासारखे दोन पट्टे. इतरांचे मोडकेतोडके का होईना, पट्टे होते. माझ्या मागे बारीक खाचा होत्या, मध्येच तुटलेल्या, जिथे मी जोर लावून स्की बाहेर ढकलली होती. गुडघे आत दाबलेले, कड धरलेली, ढकलाढकली. बाई हुबेहूब तेच करत होत्या. तोंडानं मी एक शिकवत होते आणि पायांनी दुसरं, आणि नवशिका माणूस कानापेक्षा डोळ्यावर जास्त विश्वास ठेवतो. त्यांच्या चारही पडण्यांत माझ्या स्कीचा वाटा होता. मी माफी मागितली. त्यांना बहुतेक कळलं नाही कशाबद्दल.

दुपारच्या सुट्टीत शाळेच्या भाड्याच्या ढिगातून एक जुनी, मऊ जोडी काढली. तिचं तळ ओरखडलेलं, धार बोथट. दुपारी तिच्यावर सगळं लोण्यासारखं. आडवं घसरणं, उलटं जाणं, सगळं. अर्ध्या तासात बाईंचे पट्टे रुंद झाले आणि त्या न पडता खालपर्यंत आल्या. वर्ग सुटल्यावर हुरूप आला म्हणून त्याच जोडीवर वर गेले. सावलीतल्या कडक बर्फावर जरा वेग घेतला, तर टोकं फडफडायला लागली आणि वळणाच्या मध्यावर स्की खालून निघूनच गेली. म्हणजे हीपण नको.

संध्याकाळी धार लावायच्या खोलीत गेले. तिथल्या काकांनी माझी स्की उलटी ठेवली, पोलादी पट्टी तळावर आडवी धरली आणि दिव्यासमोर डोळा लावून म्हणाले, ‘‘अर्धा अंश. ही चावणारच.’’ एज तळाच्या बाजूनं किती अंशात घासलेली आहे, त्यावर स्की किती तिरकी केल्यावर कड बर्फाला लागते ते ठरतं. शर्यतीच्या जोडीला तो कोन अर्धा अंश किंवा त्याच्या आसपास ठेवतात, रोजच्या वापराच्या जोडीला सहसा १ अंश. अर्ध्या अंशाचा फरक कागदावर काहीच नाही. पायाखाली मात्र एक स्की सारखी टोकते आणि दुसरी विचारून काम करते. काकांनी सावधही केलं, की हा कोन वाढवणं सोपं, परत कमी करायचा तर अख्खं तळ यंत्रावर घासून घ्यावं लागतं. मी म्हटलं, करा. झालं. फरक पडला, स्नोप्लाउ सुसह्य झाला. पण शेपटी तशीच राहिली आणि बाइंडिंगखालच्या, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीखालच्या, जाड प्लेटचं वजनही. चेअरलिफ्टवर दिवसभर ते लोढणं लटकवून गुडघे बोलायला लागले.

नवीन जोडी घ्यायचं ठरलं, तेव्हा भीती एकच होती: सकाळचा तो अर्धा तास जाईल. ती भीती काकांच्या एका आकडेमोडीनं गेली. कडक बर्फावर स्की जितकी कडेवर टाकाल, तितकं वळण छापील त्रिज्येपेक्षा लहान होतं. साधारण त्रिज्या गुणिले कोनाची कोसाइन. १२ मीटरची स्की ६० अंशांवर टाकली तर वळणाची त्रिज्या ६ मीटर. १४ मीटरची टाकली तर ७. एका मीटरचा प्रश्न! आणि खरं तर रोज ६० अंशांपर्यंत जाते कोण? मी तरी नाही. शाळेत कोसाइनचा राग होता, तो त्या संध्याकाळी थोडा निवळला.

पुढच्या दोन आठवड्यांत वेगवेगळ्या जोड्या चालवून पाहिल्या. या वेळी परीक्षा उलट्या क्रमानं घेतली. आधी चालायच्या वेगानं स्नोप्लाउ, मग आडवं घसरणं आणि मध्येच थांबणं, मग उलटं. इथे नापास झाली ती जोडी वर न्यायचीच नाही. दोन तिथेच बाद झाल्या, त्यांतली एक दिसायला फार देखणी होती. एक रुंद होती, बुटाखाली ८० मिलिमीटर. दुपारच्या मऊ झालेल्या बर्फात मजेत तरंगायची, पण सकाळच्या कडक बर्फावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला वेळ घ्यायची.

जी घेतली ती १६३ सेंटिमीटर, बुटाखाली ७० मिलिमीटर, त्रिज्या १४ मीटर. आत लाकडाचा गाभा आणि टायटॅनलचा एक पातळ थर. नावावरून टायटेनियम वाटतं, पण तो अॅल्युमिनियमचा मिश्रधातू. थर असला की स्की थरथरत नाही आणि पिळवटत नाही. शर्यतीच्या जोडीत असे दोन थर असतात आणि मग ती वाकवायला वेगच लागतो. मला हळू वेगातही वाकणारी हवी होती. टोक किंचित उचललेलं, शेपटीची कडा गोलसर. तळाचा कोन १ अंश, बाजूची धार मात्र ८७ अंशांची ठेवली, कारण सकाळच्या बर्फावर धरते ती बाजूची धार. बाइंडिंग वजन, बुटाच्या तळाची लांबी आणि माझा वेग बघून सुटेल असं लावून घेतलं. ‘प्रशिक्षक आहे म्हणून घट्ट’ हा प्रकार आमच्यात चालतो, मला तो पटत नाही. हळू वेगात पीळ बसून पडतो आपण, आणि नेमकं तेव्हाच ते सुटायला हवं.

स्लॅलमची जोडी विकली नाही. सुट्टीच्या दिवशी निघते.

त्या बाई मोसम संपायच्या आत पुन्हा वर्गाला आल्या. मी पहिला उतार करून दाखवला आणि खाली थांबले. त्या लगेच निघाल्या नाहीत. आधी माझ्या मागाकडे बघत राहिल्या, वरपासून खालपर्यंत, आणि मग टोकं जवळ आणून त्याच पट्ट्यावरून सावकाश खाली आल्या.