फौजी माणूस आणि फोनमधला कोच

आम्ही राहतो ते अमेरिकेतलं, टेक्सासमधलं सॅन अँटोनियो म्हणजे पक्कं मिलिटरी गाव, इथे माजी सैनिक कुठेही भेटतो. माझ्या टीममधला एक जण इराकला जाऊन आलाय, ४ जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, जवळ आला की त्याचं टेन्शन सुरू होतं, फटाके. त्यानेच एकदा लंचला मला पीटीएसडी कोच नावाचं ॲप दाखवलं. (पीटीएसडी म्हणजे युद्ध, अपघात अशा भयंकर अनुभवानंतर मनाला मागे राहणारा त्रास.)

हे ॲप अमेरिकन सरकारच्या व्हेटरन्स खात्याने २०११ मध्ये संरक्षण खात्याबरोबर काढलंय, फुकट आहे. झोप येत नाही, राग येतोय, जुनं काहीतरी आठवलं, जे होत असेल ते निवडायचं, मग एक मीटर येतो, त्रास किती ते त्यावर दाखवायचं, मग ते श्वासाचा व्यायाम वगैरे काहीतरी करायला देतं आणि झालं की परत विचारतं, आता किती? नाही आवडलं तर अंगठा खाली, दुसरं घ्या. स्वतःचे फोटो, गाणीपण टाकता येतात. (त्याच्या फोनमध्ये सगळे कुत्र्याचेच फोटो होते 😄)

पण त्याला खरं आवडलं ते म्हणजे अकाउंट काढावं लागत नाही. नाव नाही, गाव नाही. फौजी माणूस गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरकडे जाईल पण रात्री दचकून उठतो हे बायकोलाही सांगणार नाही, त्याला रात्री दोन वाजता कुणाला न उठवता उघडता येईल असं काहीतरी हवंच. अर्थात नुसत्या ॲपवर भागतं असं नाही, ते स्वतःच सांगतं की हा उपचार नाही. माझा मित्रपण थेरपिस्टकडे जातो, मधले दिवस ॲप सांभाळतं एवढंच.

आपल्याकडेही सुरुवात झालीये बरं का. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहेच, शिवाय पुण्यात एएफएमसी या लष्करी मेडिकल कॉलेजमध्ये लष्करातल्या लोकांसाठी तिचा वेगळा सेल डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. साताऱ्याच्या आमच्या काकांना, रिटायर्ड सुभेदार, मी फोनवर हे सगळं सांगितलं तर पहिला प्रश्न काय, "नाव सांगावं लागतं का रे?" मी म्हटलं काका विचारून सांगतो, तर म्हणे मला नकोय, असंच विचारलं.

म्हणून वाटतं, असं बिननावाचं ॲप मराठीत कुणीतरी करावं, काकांच्या फोनवर टाकून द्यायचं काम माझं. फक्त अक्षरं मोठी ठेवा, चष्मा कधी जागेवर नसतो त्यांचा.