ग्वांगझूमार्गे घरी आलेली आमची भाची

आजची दुपार न्यू जर्सीत ताईच्या घरी, भाचीसोबत तिच्या चीनमधील दत्तकविधीची कागदपत्रे पाहण्यात गेली. तिच्या प्रांताच्या राजधानीत तिला ताईच्या हाती सोपवण्यात आले, तेथेच नोंदणी झाली आणि मग वैद्यकीय तपासणी व व्हिसासाठी सगळ्यांना ग्वांगझूला जावे लागले, कारण अशा मुलांचे अमेरिकी व्हिसा तेथील वाणिज्य दूतावासातूनच मिळत. पहिल्या रात्री ती अखंड रडली, असे ताईने तिला आज मोकळेपणाने सांगितले. आपण ज्याला आनंदसोहळा म्हणतो, तो त्या लेकरासाठी सांभाळणाऱ्या दाईचा वियोग असतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

१९९२ पासून दीड लाखाहून अधिक चिनी मुले अशी परदेशी गेली. त्यांत मुली फार मोठ्या संख्येने होत्या. एक-मूल धोरण आणि मुलग्याचा हव्यास यांपैकी दुसरे कारण आपल्यालाही परके नाही. २०२४ मध्ये चीनने, रक्ताच्या नात्यातील व सावत्र मुलांचा अपवाद वगळता, हा मार्ग बंद केला आणि मूल ठरूनही वाट पाहणारी कुटुंबे अधांतरी राहिली, याचे मला अतोनात दुःख होते.

भाचीला आता तो अनाथाश्रम पाहायचा आहे. ताईने लगेच होकार दिला.