न्यू फॉरेस्टमध्ये कॉटेज: ब्रोकनहर्स्टचा मुक्काम आणि थोडे सल्ले

दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टच्या रानात जायचं ठरलं की बहुतेकजण आधी कॉटेजचे फोटो बघत बसतात. गवताने शाकारलेलं छप्पर, दारात गुलाब, आत शेकोटी. आम्हीही बघितले. पण घेतलं ते दिसायला साधंच घर, ब्रोकनहर्स्ट स्टेशनपासून चालत जाता येईल असं. पुन्हा गेले तरी हेच करीन. लंडनच्या वॉटर्लूहून थेट गाडी साधारण दीड तासात इथे सोडते, स्टेशनजवळ सायकली भाड्याने मिळतात आणि किराणा, पब सगळं हाकेच्या अंतरावर आहे. आई-बाबा साताऱ्याहून आले होते आणि बाबांची एकच अट होती, रोज उठून गाडीत बसायचं नाही.

फोटोत भुललात तर घर पडतं आडबाजूला, आणि दुधाच्या पिशवीसाठीही गाडी काढावी लागते. त्यात जवळच्या लिंडहर्स्ट गावाच्या चौकातला ट्रॅफिक सुट्टीच्या दिवसांत जीव काढतो.

ऑगस्टमध्ये माळरानावर हेदरची झुडपं जांभळी फुलतात, हे खरं. पण शाळांना सुट्ट्या असल्यामुळे भाडी तेव्हाच सर्वात चढी. आम्ही शाळा सुरू झाल्यावर, सप्टेंबर सरता सरता गेलो, आणि त्यामुळेच डुकरं भेटली. ओकची फळं गळायला लागली की इथले लोक आपली डुकरं जंगलात सोडतात. हिरवी ओकफळं घोड्यांना आणि गुरांना विषारी पडतात, डुकरांना मात्र ती मेजवानी. जमीन उकरू नये म्हणून त्यांच्या नाकात कड्या घातलेल्या असतात. आमच्या फाटकाशी एक मादी पिल्लांचं लटांबर घेऊन आली आणि मान वर न करता फळं फोडत राहिली. तो कटाकटा आवाज ओट्यापाशी उभं राहूनही ऐकू येत होता.

"अगं, ही कुणाची डुकरं? हाकलायला कुणीच कसं नाही?" आईने विचारलं.

मालक असतोच. घोड्यांनाही असतो, रानटी एकही नाही. विल्यम राजाने 1079च्या सुमारास हे रान शिकारीसाठी राखून ठेवलं, तरी आसपासच्या घरा-जमिनींना चिकटलेले चराईचे हक्क आजही चालतात. आपल्याकडच्या गायरानासारखंच, फक्त इथे ते सांभाळायला स्वतंत्र न्यायालय आहे. लिंडहर्स्टच्या क्वीन्स हाउसमध्ये ते बहुतेक महिन्यांत एका बुधवारी भरतं आणि कुणीही जाऊन बसू शकतं. घोड्यांच्या शेपट्या नीट बघा. त्यांचे केस ठरावीक खाचांनी कापलेले दिसतील. त्या कापावरून जनावर कुठल्या भागातलं ते कळतं. 2005मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तरी ही व्यवस्था आहे तशीच राहिली.

घोड्यांना खाऊ घालायचा नाही, हात लावायचा नाही. दंड होतो. रानात शेकोटी आणि बार्बेक्यूवरही बंदी आहे. बिनकुंपणाच्या रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी 40 मैल, पण अंधार पडल्यावर तेवढाही वेग जास्तच, कारण घोडे थेट डांबरावर उभे असतात. आणि कॉटेजचं फाटक लावायला विसरू नका. गाढवं बिनदिक्कत आत शिरतात.

स्वयंपाकघराबद्दल बुकिंगआधीच विचारा: शेगडी गॅसची की इंडक्शनची, आणि धुराचा अलार्म कुठे बसवलाय. आईच्या पोह्यांच्या फोडणीला पहिल्याच सकाळी त्या भोंग्याने दाद दिली. मग खिडकी उघडल्याशिवाय मोहरी टाकायची नाही असा नियमच झाला. कुकर, मिसळणाचा डबा, तुरीची डाळ घरून न्या. बाकीचं लिमिंग्टनला मिळतं. ब्रोकनहर्स्टहून तिथे छोटी रेल्वेगाडी जाते आणि शनिवारी हाय स्ट्रीटवर बाजार भरतो.

आता जे चुकवू नये ते. गावाबाहेरच्या टेकाडावर सेंट निकोलस चर्च आहे. अंगणात हजार वर्षांहून जुना मानला जाणारा यू वृक्ष आहे, साप पकडून पोट भरणाऱ्या ब्रशर मिल्सची कबर आहे आणि पहिल्या महायुद्धातल्या न्यूझीलंडच्या सैनिकांच्या कबरींच्या ओळीच्या ओळी आहेत. न्यूझीलंडचे सैनिक येण्याआधी, त्याच युद्धात, ब्रोकनहर्स्टमध्ये जखमी हिंदी सैनिकांसाठी लेडी हार्डिंग हॉस्पिटल होतं. गावात मीरत (म्हणजे आपलं मेरठ) रोड आहे तो त्याच दिवसांची आठवण. त्या हॉस्पिटलमधल्या सुखा नावाच्या सफाई कामगाराची कबर इथे आहे. बरेलीचा माणूस, 12 जानेवारी 1915 रोजी वारला, वय 30. अस्पृश्य म्हणून हिंदू त्याचं दहन करू देईनात आणि मुसलमान नाही म्हणून त्यांच्या दफनभूमीतही जागा मिळेना, असं सांगतात. शेवटी या गावच्या चर्चने जागा दिली आणि गावकऱ्यांनी दगड उभारला. तो ख्रिस्ती नव्हता, हेही त्यावर स्वच्छ कोरलंय. बाबांनी सगळा मजकूर मोठ्याने वाचला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केला. इथे अर्धा तास ठेवाच. चढण सोपी आहे.

शनिवारी भाऊ गाडी घेऊन आला तेव्हा बोल्डरवुडची हरणं आणि नाइटवुड ओक नावाचं जुनं झाड एका फेरीत झाले. ऱ्हाइनफील्डच्या रस्त्याला दोन्हीकडे दांडगे सूचिपर्णी वृक्ष आहेत, तिथे उतरून चाला. रूफस स्टोनवर वेळ घालवू नका असं माझं मत. 1100मध्ये राजा विल्यम रूफस बाणाने मेला ती जागा म्हणून दाखवतात, पण बघायला आहे तो एक ठेंगणा खांब. त्यापेक्षा बकलर्स हार्ड हे नदीकाठचं छोटं गाव गाठा. नदीकडे उतरत जाणाऱ्या त्या रुंद गल्लीत ब्रिटिश नौसेनानी नेल्सनचं 'अगमेम्नॉन' जहाज बांधलं गेलं, 1781मध्ये पाण्यात उतरलं, आणि लाकूड याच रानातलं. स्टोनहेंज, बोर्नमथ वगैरे याच आठवड्यात कोंबायचा मोह आवरा.

रानात फिरताना लांब पँट घाला आणि रात्री पाय, गुडघ्यांच्या मागची बाजू तपासा. इथल्या गोचिडांमुळे लाइम रोग होऊ शकतो. बूट घट्ट हवेत, पाऊस नसला तरी ओहोळांकाठी चिखल असतोच. आणि परतीची गाडी रविवारची असेल तर आदल्या रात्री वेळापत्रक पाहा. रुळांची कामं बहुधा रविवारीच काढतात, मग सामानासकट बसने जावं लागतं.