पुस्तकांचा सेट घ्यायच्या आधी पंधरा दिवस थांबा

माझा मावसभाऊ यंदा बार्शीहून पुण्यात इंजिनिअरिंगला आलाय. मध्यंतरी त्याचा फोन, ताई वर्गातली सगळी पोरं एबीसीत, म्हणजे आप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत, जाऊन पूर्ण सेट घेतायत, चार हजार लागतील म्हणतायत, मी पण जाऊ का? मी म्हटलं अजिबात नको, आधी पंधरा दिवस लायब्ररीत बस मग बघू. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण कॉलेजं सुरू झाली की आप्पा बळवंत चौकात आईबाबांसोबत पिशव्या भरभरून पुस्तकं नेणारी पोरं दिसतात आणि मला खरंच वाईट वाटतं. माझ्या बाबांनीही असाच सेट घेऊन दिला होता आणि त्यातली दोन पुस्तकं सेमिस्टर संपेपर्यंत कोरी राहिली, कारण सर वेगळ्याच पुस्तकातून शिकवायचे.

तर आधी विद्यापीठाच्या साईटवरून सिलॅबसची पीडीएफ काढा. प्रत्येक विषयाच्या शेवटी टेक्स्ट बुक आणि रेफरन्स बुकची यादी असते, ती घेऊन लायब्ररीत जा. आणि एक गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती, पुस्तकाच्या पाठीवर जो नंबर चिकटवलेला असतो तो नीट समजून घ्या. बऱ्याच लायब्रऱ्यांमध्ये विषयानुसार पुस्तकांना नंबर द्यायची ड्युईची पद्धत असते, त्यात गणित 510, फिजिक्स 530, सिव्हिल 624. मी सिव्हिलची, त्यामुळे सर्व्हेइंगची (जमीन मोजणीची) पुस्तकं कितीतरी दिवस 624 च्या कपाटात शोधत होते आणि नाहीत म्हणून परत जात होते. शेवटी काउंटरवरच्या मॅडम स्वतः उठून मला घेऊन गेल्या, ती होती 526.9 ला, खगोलशास्त्राच्या शेजारी! तिथे एकाच विषयाची सहा-सात वेगवेगळ्या लेखकांची पुस्तकं ओळीने होती. एकाचं डोक्यात शिरलं नाही तर शेजारचं काढायचं, हे विकत घेतलेल्या एका पुस्तकात कुठून मिळणार?

त्या मॅडमनीच मला बुक बँकेबद्दल सांगितलं. म्हणजे पुस्तक आठवड्याने परत न देता अख्खी सेमिस्टर आपल्याकडे ठेवायचं. सगळ्या कॉलेजांत असेलच असं नाही पण विचारा, आणि लवकर विचारा कारण प्रती मोजक्या असतात. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याणची बुक बँक योजना वेगळी असते, तिची चौकशी कॉलेजच्या स्कॉलरशिप सेक्शनला करायची, लाजायचं काही कारण नाही, हक्काची गोष्ट आहे.

एवढं करूनही एखाद-दोन पुस्तकं लागतातच, ज्यातली गणितं रोज सोडवायची असतात ती. ती एबीसीत सेकंड हँड घ्या किंवा थेट सिनियरकडून. फक्त लोकल पब्लिकेशनचं असेल तर कव्हरवर पॅटर्न, म्हणजे कोणत्या सालचा सिलॅबस आहे ते बघा, 2019 पॅटर्नचं पुस्तक 2024 पॅटर्नवाल्याच्या गळ्यात सर्रास मारतात. गणिताच्या जाड पुस्तकाची जुनी आवृत्ती बिनधास्त चालते, इंटिग्रेशन काही बदलत नाही. पण सिव्हिलवाल्यांनी स्टील डिझाइनचं फार जुनं पुस्तक स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नये, कारण आयएस 800 हा स्टील बांधकामाच्या नियमांचा कोड 2007 साली बदलला, आधी सगळं वर्किंग स्ट्रेस पद्धतीने होतं आणि आता लिमिट स्टेटवर आहे, म्हणजे त्या पुस्तकातलं गणित शिकून पेपरात चुकीचंच उत्तर येणार. कोडच्या झेरॉक्सवर पण पैसे घालवू नका, बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) साईटवर रजिस्टर केलं की भारतीय मानकं फुकट डाउनलोड होतात. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साईटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत आणि नॅशनल डिजिटल लायब्ररीचं अकाउंट साध्या ईमेलवर उघडतं.

अजून एक, जे माझ्या मनाला फार लागतं. पुण्यात पेठांमध्ये गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, रूमवर जागा नाही म्हणून पोरं महिन्याला पैसे भरून तिथे टेबल घेतात. स्पर्धा परीक्षेवाल्यांचं समजू शकते, त्यांना कॉलेज नसतं. पण तुमच्या फीमध्ये लायब्ररीचे पैसे आधीच घेतलेत, रीडिंग हॉल आहे, पंखा आहे, पाणी आहे, परीक्षेच्या काळात वेळही वाढवून देतात बऱ्याच ठिकाणी. तरी आमच्या कॉलेजचा हॉल सबमिशनचे दिवस सोडले तर अर्धा रिकामा असायचा.

काल भावाचा मेसेज आला, लायब्ररीचं कार्ड मिळालं, फिजिक्स आणि मेकॅनिक्स बुक बँकेतून मिळालं, गणिताचं एका सिनियरकडून दीडशेला. आता फक्त इंजिनिअरिंग ग्राफिक्सचं राहिलंय, लायब्ररीतल्या सगळ्या प्रती बाहेर गेल्यात म्हणे. शनिवारी त्याला घेऊन एबीसीत जातेय, एकाच पुस्तकासाठी.