‘येतो मी,’ ती म्हणाली

हॅलिफॅक्सला येऊन मला सहा वर्षं झाली. उत्तर इंग्लंडमधल्या वेस्ट यॉर्कशरचं हे गाव. काळवंडलेल्या दगडांची घरं, चढउताराचे रस्ते आणि बेळगावच्या जुलैसारखा पाऊस. पहाटे पाचला उठून मी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी तासभर गोष्ट लिहिते आणि मग कामावर जाते. माझं माहेर बेळगाव; तिथल्या शहापूरची मावशी दर फोनला विचारते, ‘एवढं काय लिहितेस?’ तिला आजवर नुसतं ‘गोष्टी’ असं सांगत आले. आज नीट सांगते.

मी फॅन फिक्शन लिहिते. आवडलेल्या मालिकेतली, कादंबरीतली किंवा पुराणातली पात्रं घ्यायची आणि मूळ गोष्ट जिथे थांबली तिथून पुढे जायचं. त्यातही माझं फेमस्लॅश, म्हणजे दोन बायकांच्या प्रेमाच्या गोष्टी. ‘स्लॅश’ ही दोन नावांमधली तिरपी रेघ. १९७० च्या दशकात ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या चाहत्या छोटे अंक छापून आपापसात वाटायच्या. मालिकेतल्या कर्क आणि स्पॉक या दोन पुरुषांच्या प्रेमकथांवर दोघांच्या नावांमध्ये ही रेघ असायची. बायकांच्या जोड्यांना पुढे १९९५ ते २००१ चाललेल्या ‘झीना’ या टीव्ही मालिकेने मोठा बहर आणला. माझी सुरुवात मात्र आज्जीच्या पोथीतून झाली.

महाभारतातल्या उद्योगपर्वात शिखंडिनीची हकीकत आहे. द्रुपदाने मुलगा म्हणून वाढवलेल्या या मुलीचं लग्न दशार्ण देशाच्या राजकन्येशी लावलं जातं. नवरा बाई आहे हे कळल्यावर राजकन्या लाजत दायांना सांगते, बातमी बापापर्यंत जाते आणि तो सैन्य घेऊन येण्याची धमकी देतो. शिखंडिनी वनात जाते आणि यक्षाकडून पुरुषपण मिळवते. त्या राजकन्येला कथेत नावसुद्धा नाही. मी आज्जीला विचारलं होतं, ‘तिला काय वाटलं असेल?’ आज्जीने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, ‘ते कुणी लिहिलंच नाही बघ.’ माझी पहिली मोठी गोष्ट त्या राजकन्येची. माझ्या गोष्टीत ती दायांना काहीच सांगत नाही.

मला अशीच माणसं लागतात, कथेत एकदाच दार उघडून आत आलेली. गोकाककडच्या श्रीकृष्ण पारिजाताच्या खेळात रुक्मिणी आणि सत्यभामा फुलावरून रात्रभर भांडतात. लहानपणी जत्रेत तो खेळ बघताना माझं लक्ष कृष्णाकडे कधी गेलंच नाही. एवढं भांडण एकमेकींची पर्वा असल्याशिवाय होत नाही, असं मला तेव्हाही वाटायचं.

माझा एक नियम आहे, कुणी मरायचं नाही. कॉलेजात असताना तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ वाचलं. मराठी रंगभूमीवर बाईवर प्रेम करणारी बाई इतक्या स्पष्टपणे उभी करणारं नाटक, आणि शेवटी ती जीव देते. पुस्तक मिटून मी कितीतरी वेळ तशीच बसले होते. नाटकाचं मोठेपण मला मान्य आहे. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला त्यातून एकच वाट दिसते. म्हणून माझ्या बायका म्हाताऱ्या होतात, त्यांचे गुडघे दुखतात, तांदूळ निवडताना त्या कुरकुरतात.

आधी मी इंग्रजीत लिहायचे. वाचणाऱ्या पुष्कळ होत्या, तरी गोष्टीतलं कुणी मला आपलं वाटेना. इंग्रजीत एकच ‘यू’. मराठीत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं हाच अख्खा प्रवास आहे. माझ्या एका गोष्टीत खानापूरची शिक्षिका आणि तिथली नर्स आहे. एकमेकींना ‘अहो मॅडम’, ‘अहो सिस्टर’ म्हणता म्हणता अकराव्या प्रकरणात एकीच्या तोंडून ‘अगं’ निसटतं. हात हातात घेण्याचा प्रसंग मी त्यानंतर लिहिलाच नाही, गरजच उरली नव्हती.

छापण्याआधी माझ्या गोष्टी पुण्याची एक मैत्रीण वाचते. पहिल्याच गोष्टीत तिने चाळीस ठिकाणी लाल खुणा केल्या होत्या. ‘मी येतो’, ‘मी सांगितलो’, ‘येणार होतो खरं पाऊस आला’. बाई बोलतेय ना, मग ‘येते’ हवं, आणि ‘खरं’ कशाला, ‘पण’ लिही. तिला समजावताना मलाच नव्याने उमगलं. आमच्या बेळगावकडे बायका स्वतःबद्दल ‘येतो’, ‘जातो’ म्हणतात. आई म्हणते, मावशी म्हणते, फोनवर मीही म्हणते. इथे लिहिताना ‘लिहिते’ येतं, ते शाळेने शिकवलेलं. माझ्या गोष्टीतल्या बायका शाळेत शिकवल्यासारखं प्रेम करत नाहीत, त्यांना त्यांचीच भाषा हवी. मी सगळ्या चाळीस खुणा खोडल्या.

माझ्या घरापासून थोड्याच अंतरावर शिब्डेन हॉल आहे. अ‍ॅन लिस्टर ही जमीनदार बाई तिथे राहायची. १७९१ ला जन्म, १८४० ला मृत्यू. तिच्या डायऱ्या सुमारे ५० लाख शब्दांच्या आहेत आणि त्यातला साधारण सहावा भाग तिने ग्रीक अक्षरं आणि बीजगणिताची चिन्हं मिसळून केलेल्या सांकेतिक लिपीत लिहिला. बायकांवरचं प्रेम त्या लिपीत आहे. पुढे त्याच घराण्यातल्या जॉन लिस्टरने मित्राच्या मदतीने ती लिपी उलगडली. काय लिहिलंय ते कळल्यावर मित्र म्हणाला, जाळून टाक. जॉनने जाळलं नाही, भिंतीच्या लाकडी फळ्यांमागे लपवून ठेवलं.

तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा मी बाहेर येऊन बाकावर बसून राहिले. नववीत माझी आणि वर्गातल्या एका मुलीची अशीच लिपी होती. शब्द मराठी, अक्षरं कन्नड. आई कागलची, तिला कन्नड वाचता येत नव्हतं. शाळेत कन्नड हा विषय होताच, म्हणून आमचं अक्षर सुरेख होतं. दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात मी सगळ्या चिठ्ठ्या न्हाणीघरातल्या चुलीत घातल्या. कुणी घाल म्हटलं नव्हतं.

सध्या लिहितेय ती गोष्ट बेळगावच्या टिळकवाडीतल्या दुसऱ्या रेल्वे गेटपाशी घडते. गेट पडलंय, मिरजेकडची गाडी यायचीय, दोघी सायकली धरून उभ्या आहेत. गाडी गेली की एक उजवीकडे वळणार, दुसरी सरळ. पुण्याच्या मैत्रिणीने विचारलं, ‘निघालीय ना, मग येतो का म्हणते?’ तिलाही माहीत आहे, आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. तरी मुद्दाम विचारते, मला वाक्य पुन्हा वाचायला लावते. मी ते वाचलं आणि तसंच ठेवलं. गेट वर जातं, घंटा वाजायची थांबते, आणि पहिली म्हणते, ‘येतो मी.’