राणीच्या टाचा

गेममधल्या पात्रांना हाडं बसवणं हे माझं काम. त्याला रिगिंग म्हणतात. तयार मॉडेलच्या आत सांधे घालायचे, मग कुठला सांधा हलला की कातडीचा कुठला भाग किती ओढला जाईल ते रंगवत बसायचं. जमलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही; चुकलं तर हात वर केल्यावर काख चुरगळलेल्या कागदासारखी दिसते. हे काम कोल्हापुरात चालतं यावर लोकांचा विश्वास बसत नाही. राजारामपुरीत एका बँकेच्या वर आमचं ऑफिस आहे. पात्रं इथं बनतात, गेमच्या शेवटी नावं दुसऱ्यांची येतात.

मोबाईलवरच्या एका लढाईच्या गेमसाठी दोन पात्रांची माहिती आली. पहिला सेनापती. त्याचं वय, वजन, तो डावखुरा आहे, कान कुठल्या वेढ्यात तुटला, राग आला की आधी गप्प होतो, असं पानभर. दुसरी मराठा राणी. तिच्याबद्दल तीन शब्द: देखणी, कणखर, सेक्सी. सोबत चित्र. छातीच्या आकाराचं पोलादी चिलखत, पोट उघडं, मांडीपर्यंत चिरलेला घागरा आणि उंच टाचेचे बूट. खेळणारा बटण दाबत नसतो तेव्हा पात्र उभ्या उभ्या जे करतं त्याला आयडल म्हणतात. सेनापतीनं तलवारीची धार तपासायची, राणीनं केस मागं टाकून कंबर वळवायची. शिवाय छातीला वेगळे सांधे, हलण्यासाठी.

आणि हे कुठं यावं, तर कोल्हापुरात. 1700 साली राजाराम महाराज गेल्यावर औरंगजेबाशी सात वर्षं झुंज चालवणाऱ्या ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा कावळा नाक्यावर आहे. आमच्यातले निम्मे जण रोज त्याच्यासमोरून गाडी घालून ऑफिसला येतात.

मी बोलले, आणि दुपारभर सगळं ऑफिस काम सोडून भांडत बसलं. आमचा मॉडेलर म्हणाला, "ताई, 'गॉड ऑफ वॉर' गेममधला क्रेटॉस पण उघडाच फिरतोय की. त्याला कोण काय बोलत नाही." म्हटलं, क्रेटॉसचं अंग मारायला आहे, बघायला नाही. तो उभा असतो तेव्हा कॅमेरा कधी त्याच्या मागनं खाली सरकतो का? मग त्यानं बायोनेटा काढली, त्याच नावाच्या गेमची नखरेल नायिका. ती तर मारी शिमाझाकी या बाईनंच डिझाईन केलीय. हा मुद्दा मला अजून पुरता सोडवता आलेला नाही. बायोनेटाचा नखरा तिच्या स्वभावातनं येतो असं मला वाटतं, पण आमच्या राणीला स्वभावच दिलेला नव्हता, हे मला त्या वेळी सुचलं नाही. पोरं वाईट नाहीत. पण अशा गेमवर नुसते प्रश्न विचारले म्हणून 2014 मध्ये समीक्षक अनिता सार्कीजियनला गोळीबाराच्या धमकीमुळं युटा स्टेट विद्यापीठातलं भाषण रद्द करावं लागलं, हे सांगितल्यावर "ते अमेरिकेत ओ" एवढंच उत्तर आलं.

आमच्या टीमच्या लीडचं म्हणणं साधं होतं. "बाईचं पात्र म्हणजे जादा तास. तेवढे लावू, विषय संपला." हे मी आधीही ऐकलेलं. 2014 मध्येच 'असॅसिन्स क्रीड युनिटी' या गेममध्ये बाई होऊन का खेळता येत नाही असं विचारल्यावर तो बनवणाऱ्या युबिसॉफ्टकडून हेच सांगितलं गेलं, की अॅनिमेशन, कपडे, सगळं काम दुप्पट होतं. त्या मालिकेवर आधी काम केलेला अॅनिमेटर जोनाथन कूपर तेव्हा म्हणाला होता, एक-दोन दिवसांचं काम आहे.

मग मी तासांचा तक्ता फोडून मांडला. बाईचा सांगाडा म्हणून जादा वेळ जवळजवळ नाहीच. सेनापतीचाच सांगाडा, खांदे-कंबर बदलून. वेळ खातात टाचा. मोकॅप म्हणजे खऱ्या माणसाची हालचाल टिपून पात्राला द्यायची. तो माणूस सपाट पावलानं चाललेला असतो. ती चाल टाच उचललेल्या पावलावर चढवली की घोटा उलटा मोडतो, कंबरेची उंची बदलते, पाय जमिनीवरनं घसरत जातो, आणि प्रत्येक उडी हातानं दुरुस्त करावी लागते. चिरलेला घागरा लाथ मारताना मांडीतनं आरपार जातो, म्हणून त्याला सांध्यांची वेगळी साखळी. वर छातीचे सांधे, आणि छाती पोलादात बंद! पोलाद हलणार कसं, हे मी तक्त्याच्या शेऱ्यात लिहिलं.

त्याच्या खाली नऊवारीचा हिशोब. पेठेतल्या एका आखाड्यात मर्दानी खेळ करणाऱ्या मुलींचा व्हिडिओ मी वस्तादांना विचारून काढून आणला होता. काष्टा मागं घट्ट खोचला की दोन्ही पाय सुटे होतात. डाव्या मांडीचं कापड डाव्या सांध्याला, उजव्याचं उजव्याला. पदर कंबरेला आवळलेला, पाय अनवाणी. एक मुलगी पट्टा फिरवत एकदम गुडघ्यावर बसली आणि तशीच उठली, निरी जागची हलली नाही. एवढा सोयीचा पोशाख रिगरला क्वचित मिळतो. मी तसा एक रिग करून दोन्ही पाठवले.

कॉलवर क्लायंट खूश झाला. "नऊवारी फारच सुंदर. ही आपण प्रीमियम स्किन ठेवू." म्हणजे चित्रातली राणी फुकट, आणि तिला अंगभर कपडे घालायचे तर पैसे मोजायचे. 1986 च्या 'मेट्रॉइड'मध्ये गेम लवकर संपवला की नायिका सॅमसचं चिलखत उतरायचं, ते बक्षीस. इथं उलटं दुकान. लीड म्हणाला, "झालं की तुमच्या मनासारखं." झालं का, ते मला अजून कळलेलं नाही. नऊवारी विकली गेली तर माझं म्हणणं खरं ठरेल. नाही विकली गेली तर पुढच्या वेळी तोच आकडा माझ्या तोंडावर फेकला जाईल.

छातीच्या सांध्यांची हालचाल मी नावापुरती ठेवून पाठवली होती. परवा दुरुस्त्यांची यादी आली. पहिलीच ओळ, हालचाल वाढवा. लीडनं विचारलं, किती तास लावू? मी भरपूर सांगितलेत.